वजन उतरलं की शरीर काय काय सोडून देतं?

१५ जुलै २०२५ ला, आपल्याकडे दुपारचे तीन वाजले असताना, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात अंतराळातून परतणारं ड्रॅगन यान उतरलं. थोड्या वेळानं, वीस दिवस अंतराळात राहून आलेले भारताचे ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला आधार घेत बाहेर आले. हसत होते, हात हलवत होते, पण पाय जपून टाकत होते. मी नागपुरात फिजिओथेरपी करते. त्या आठवड्यात गुडघ्याच्या शेकासाठी येणाऱ्या एका काकांनी विचारलेला प्रश्न नंतर कितीतरी जणांकडून ऐकला: "काहून जी मॅडम, एवढा हवाई दलातला गडी, अन् वीस दिवसांत त्याले धरून आणा लागलं?"

पुढे शुक्लांनी स्वतःच सांगितलं की परत आल्यावर हातात घेतलेला मोबाइल जड लागला. पलंगावर बसून काम झाल्यावर त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि बाजूला हवेत सोडून दिला. तो तरंगत राहील असंच त्यांच्या हाताला वाटलं होतं.

काकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं थोडक्यात उत्तर असं की शुक्ला आजारी पडलेले नव्हते. त्यांच्या शरीरानं वीस दिवसांत नव्या जागी राहायला शिकून घेतलं होतं आणि तिथे ज्याची गरज नाही ते कमी करायला सुरुवात केली होती. अंतराळात शरीराचं जे होतं त्यातलं बरंचसं बिघाड म्हणून पाहिलं तर कळत नाही. काटकसर म्हणून पाहिलं की लगेच कळतं. त्रास होतो तो परतल्यावर.

तिथे गुरुत्वाकर्षण नसतंच ना?

असतं, आणि भरपूर असतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. समृद्धी महामार्गानं नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर भरतं, म्हणजे स्थानक आपल्या डोक्यावरून जातं तेव्हा ते शिर्डीपेक्षा जवळ असतं. एवढ्याशा उंचीनं पृथ्वीची ओढ फार कमी होत नाही. तेवढा उंच मनोरा बांधून ६० किलोच्या माणसाला त्यावर वजनकाट्यावर उभं केलं, तर काटा ५३ किलोच्या आसपास दाखवेल.

मग माणसं तरंगतात कशी? स्थानक आणि त्यातलं सगळं काही सतत खाली पडत असतं म्हणून. स्थानकाचा वेग ताशी सुमारे २८,००० किलोमीटर. ते जितकं खाली पडतं, तितकीच खालची गोल जमीनही वळून दूर गेलेली असते. त्यामुळे पडणं संपत नाही आणि जमीन येत नाही. आपल्याला वजन जाणवतं ते जमीन तळपायांना खालून रेटते म्हणून. माणूस आणि त्याच्या पायाखालची फरशी एकाच वेगानं पडत असतील तर रेटणार कोण? या स्थितीला शास्त्रज्ञ सूक्ष्म गुरुत्व म्हणतात. मी पुढे 'बिनवजनाची अवस्था' एवढंच म्हणेन.

आईच्या पोटातून बाहेर आल्यापासून आपलं प्रत्येक हाड, प्रत्येक शीर त्या खालून येणाऱ्या रेट्याच्या हिशेबानं घडत असते. अंतराळात तो रेटाच काढून घेतला जातो.

रक्त डोक्याकडे का चढतं?

नागपुरात उन्हाळ्यात नळाचं पाणी वरच्या मजल्यावर चढत नाही, म्हणून लोक टिल्लू पंप लावतात. महापालिकेची माणसं ते जप्त करतात, तरी लावतात. आपलं हृदय आणि रक्तवाहिन्या मिळून असाच वरच्या मजल्यासाठी लावलेला पंप आहे. उभ्या माणसाचं रक्त खाली पायांकडे ओढलं जातं, आणि ते छातीपर्यंत, डोक्यापर्यंत चढवायला हृदयाचा जोर, पायांच्या स्नायूंचा दाब आणि शिरांमधल्या झडपा दिवसभर राबतात. आता अशी कल्पना करा की रातोरात इमारतीला वरचा मजलाच उरला नाही, आणि पंप मात्र त्याच जोरात चालू आहे.

अंतराळात पोहोचल्यावर काही तासांतच असं होतं. पायांमधला सुमारे दोन लिटर द्रव छाती-डोक्याकडे सरकतो. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, पाय काटकुळे होतात, नाक चोंदतं. नाक चोंदलं की चव जाते, त्यामुळे तिकडे गेलेल्यांना तिखट-आंबट जास्त हवंसं वाटतं. (शुक्लांनी सोबत गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. घरची चव ओळखू यावी म्हणून माणूस काय काय जपून नेतो!)

मेंदू आणि हृदयाजवळच्या संवेदकांना वाटतं की अंगात पाणी जास्त झालं. मग शरीर ते कमी करतं आणि काही दिवसांत रक्तातला पातळ भाग घटतो. लाल पेशींचंही तेच. पृथ्वीवर आपलं शरीर दर सेकंदाला सुमारे २० लाख जुन्या लाल पेशी नष्ट करून तितक्याच नव्या बनवतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, १४ अंतराळवीरांच्या अभ्यासात अंतराळातला हा वेग सेकंदाला सुमारे ३० लाख निघाला, म्हणजे ५४ टक्के जास्त. आणि तो सहा महिन्यांच्या मुक्कामात सुरूच राहिला.

तिथे हे सगळं चालून जातं. परत आल्यावर वरचा मजला पुन्हा उभा राहतो आणि टाकीत पाणी कमी असतं. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. २००६ साली हायडमेरी स्टेफानिशिन-पायपर ही अंतराळवीर परतल्यानंतर स्वागताच्या कार्यक्रमात बोलता बोलता कोसळली होती. म्हणूनच उतरण्याआधी अंतराळवीर मिठाचं पाणी किंवा मिठाच्या गोळ्या आणि पाणी घेतात, पायांवर-पोटावर घट्ट दाबाचे कपडे घालतात, आणि उतरल्यावर त्यांना धरून आणतात. काकांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे.

डोळ्यांचं प्रकरण अधिक नाजूक आहे. पृथ्वीवर आपण झोपतो तेव्हा डोक्यातला दाब वाढतो आणि उठलो की उतरतो. तिथे तो उतरतच नाही. महिनोन्‌महिने राहणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या डोळ्यांत काही ना काही बदल दिसतात: डोळ्यामागची नस सुजते, डोळ्याचा गोळा मागून किंचित चपटा होतो, जवळचं अंधूक दिसू लागतं. त्यासाठी नासा आधीच जादा नंबरचे चष्मे सोबत देते. डोक्यातला हा न उतरणारा दाब हेच कारण असावं, असा मुख्य संशय आहे.

आणि एक घटना तर माझ्या मनातून जात नाही. संशोधनासाठी स्थानकावर एका अंतराळवीराच्या मानेची सोनोग्राफी चालली होती. मोहिमेला दोन महिने झाले होते, माणसाला काही त्रास नव्हता. मानेच्या डाव्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली. जमिनीवर हा रुग्ण तासाभरात इस्पितळात असता. तिथे जवळ होत्या त्या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनच्या मोजक्या कुप्या आणि मोजक्या सुया. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातले रक्तविकारतज्ज्ञ स्टीफन मोल यांनी जमिनीवरून उपचार ठरवले. औषध पुरवून पुरवून दीड महिना काढला, तेवढ्यात मालवाहू यानातून गोळ्या पोहोचल्या. कुपीतून सुईत औषध ओढणंसुद्धा तिथे सोपं नसतं, कारण बुडबुडा वर येत नाही आणि द्रव खाली बसत नाही. त्या अंतराळवीराचं नाव प्रसिद्ध केलेलं नाही. हे प्रकरण २०२० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याआधी ११ जणांच्या अभ्यासात सहा जणांच्या त्याच शिरेत रक्त थांबलेलं किंवा चक्क उलट वाहताना दिसलं होतं. पन्नासहून जास्त वर्षं माणसं अंतराळात जात होती, आणि हे कुणी पाहिलंच नव्हतं.

हाडं कुठे जातात?

हाड म्हणजे शरीराचा मेलेला सांगाडा असा समज असतो. हाड जिवंत आहे. जुनं हाड पोखरणाऱ्या पेशी आणि नवं भरणाऱ्या पेशी जन्मभर शेजारी शेजारी काम करतात. कुठे किती भरायचं हे त्यांना चालताना, जिने चढताना, ओझं उचलताना बसणाऱ्या दाबावरून कळतं. दाब गेला की पोखरणं चालू राहतं आणि भरणं मंदावतं.

बिनवजनाच्या अवस्थेत कंबर-मांडीच्या हाडांची घनता व्यायाम पुरेसा नसेल तर महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते. पाळी गेल्यानंतर एखाद्या बाईची जेवढी झीज साधारण वर्षभरात होते, तेवढी अंतराळात महिन्यात. त्यातही ही झीज खुब्याला, मांडीला, पोटरीच्या हाडाला, म्हणजे जिथे वजन पडायचं तिथेच जास्त होते.

सुटलेला कॅल्शियम लघवीतून जातो, म्हणून अंतराळवीरांना मुतखड्याची भीती. स्थानकावर लघवी शुद्ध करून तिचं प्यायचं पाणी बनवतात. २००९ मध्ये ते शुद्धीकरण यंत्र अडकलं. उघडून तपासल्यावर आत कॅल्शियम सल्फेटचा खर साचलेला सापडला. यंत्र बनवताना लघवीत जेवढा कॅल्शियम धरला होता, त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त येत होता. माणसांच्या हाडांतून निघालेला कॅल्शियम यंत्राच्या आतल्या भागांवर चढला होता. त्यानंतर काही काळ लघवीतून कमी पाणी काढून यंत्र चालवावं लागलं. आता सगळी मिळून यंत्रणा स्थानकावरचं ९८ टक्के पाणी परत मिळवते. तो टप्पा २०२३ मध्ये गाठला.

पावलांकडे बघितलं तर हा बदल डोळ्यांना दिसतो. तळपायाचे घट्टे मऊ पडून सोलून निघतात, कारण त्यांवर कुणी उभंच राहत नाही. उलट पावलाच्या वरच्या बाजूला घट्टे पडतात. एका जागी स्थिर राहायला अंतराळवीर पाय दांडीखाली अडकवतात आणि ती दांडी रोज तिथेच घासते.

पाठीचा कणा दाबातून सुटून लांबतो, उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढते, आणि पहिले काही दिवस कंबर दुखते. परतल्यावर मणक्यातली चकती सरकण्याचं प्रमाण अंतराळवीरांत इतरांपेक्षा जास्त आढळलं आहे. माझ्या व्यवसायातल्या माणसांसाठी हे फार बोलकं आहे: कण्यावर भार नको असं सगळ्यांना वाटतं, आणि भार अजिबात नसला तरी कणा कमजोर होतो.

पण ते रोज दोन तास व्यायाम करतात ना?

करतात, आणि त्यामुळेच परत येऊन चालू शकतात. सुनीता विल्यम्स आठ दिवसांसाठी गेल्या आणि २८६ दिवसांनी, मार्च २०२५ मध्ये परतल्या. तेव्हा त्यांचं वय ५९ होतं. स्ट्रेचरवरून नेलेलं पाहून लोक घाबरले, पण लांबच्या मुक्कामानंतर सगळ्यांनाच तसं नेण्याची पद्धत आहे. त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या याचं श्रेय मोठ्या अंशी त्या रोजच्या दोन तासांना.

हा व्यायाम नजरेसमोर आणा. धावपट्टीवर नुसतं पळायला गेलं तर पहिल्याच पावलाला माणूस हवेत उडून जाईल. म्हणून खांद्यांवर-कमरेवर पट्टे बांधून रबरी दोऱ्यांनी त्याला पट्टीकडे ओढून धरतात. ते पट्टे खांद्याला रुततात. वजनाची प्लेट तिथे बिनवजनाची, म्हणून वजन उचलण्याच्या यंत्रात निर्वात नळकांडी बसवली आहेत आणि त्यांचा विरोध २७० किलोपर्यंत वाढवता येतो. सायकलला सीट नाही. बसायला वजनच नाही. घाम ओघळत नाही, कातडीवर थर होऊन चिकटतो आणि पुसून काढावा लागतो.

एवढं करूनही भरपाई पूर्ण होत नाही. १७ अंतराळवीरांना परतल्यावर वर्षभर तपासलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या पोटरीचं हाड पूर्ववत झालेलं नव्हतं. हाडं ठिसूळ झालेल्या आपल्याकडच्या रुग्णांना देतात ती ॲलेन्ड्रोनेटची गोळी व्यायामासोबत देऊन पाहिली, तर झीज आणखी कमी झाली. म्हणजे उपाय आहेत, पण व्यायाम किंवा औषध यांपैकी एकावर भागत नाही.

मग योगासनं? हा प्रश्न मला आवडतो. राकेश शर्मांनी १९८४ मध्ये सॅल्यूट ७ स्थानकावर योगासनांचा प्रयोग केला होता. पण नीट बघा: वृक्षासनात पोटरी थरथरते ती शरीराचं वजन एका पायावर तोलावं लागतं म्हणून. अधोमुख श्वानासनात खांदे दुखतात ते धड पेलतात म्हणून. बहुतेक आसनांत ओझं आपणच असतो. वजन गेलं की आसनाचा आकार उरतो, भार उरत नाही. ताण, श्वास, मन शांत ठेवणं यासाठी योग तिथेही कामाचा आहे. हाडांसाठी पट्टे बांधून पळण्याला पर्याय नाही.

याचा नागपुरातल्या माणसाशी काय संबंध?

माझ्यासाठी सगळ्यात जवळचा प्रश्न हाच आहे.

अंतराळाचे परिणाम जमिनीवर अभ्यासायचे तर निरोगी माणसांना पलंगावर झोपवून ठेवतात. डोक्याची बाजू सहा अंशांनी खाली, म्हणजे रक्त डोक्याकडे सरकेल. जेवण, अंघोळ, लघवी-संडास सगळं आडवं राहूनच. जर्मनीतल्या कोलोनमध्ये २०१९ साली स्वयंसेवक असे ६० दिवस राहिले. त्यांचे स्नायू वाळतात, हाडं झिजतात, आणि उठवल्यावर अंधारी येते. पलंगावर पडून राहिलेलं शरीर आणि अंतराळात गेलेलं शरीर बरंचसं सारखं वागतं, म्हणूनच हा प्रयोग करता येतो.

आता आपल्या घरात या. आजी न्हाणीत घसरली, खुबा मोडला, शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टर दुसऱ्या दिवशी उभं करा म्हणतात. घरी आल्यावर मात्र मुलगा, सून, भाची सगळे प्रेमानं म्हणतात, "आता पडू दे तिला, जेवणही तिथेच देऊ." मी अशा घरांमध्ये गेले आहे. पंधरा दिवसांनी मांडीचा घेर हाताला लागण्याइतका कमी झालेला असतो. उठवायला गेलं की आजी म्हणते, "गरगरतं गं, मला नको." सगळ्यांना वाटतं अशक्तपणा आहे, अजून आराम हवा. मग आणखी पंधरा दिवस.

ती गरगर आणि स्टेफानिशिन-पायपरची भोवळ यामागची यंत्रणा एकच आहे. उपायही जवळपास तेच: आधी पलंगाची डोक्याकडची बाजू वर, मग पाय खाली सोडून काही मिनिटं बसणं, घोटे वरखाली, पाणी पुरेसं, मग दोघांच्या आधारानं उभं राहणं, मग चार पावलं. लांबच्या मोहिमेवरून आलेल्या अंतराळवीराचं पुनर्वसन सुमारे ४५ दिवस चालतं, रोज दोन तास. तो चाळिशी-पन्नाशीचा तंदुरुस्त माणूस असतो. सत्तर वर्षांच्या आजीला आपण महिनाभर बिनवजनाच्या अवस्थेत ठेवतो आणि तिला त्यातून बाहेर काढणारं कुणी नेमलेलं नसतं. अर्थात शस्त्रक्रिया कशी आहे, किती भार टाकायचा, हे तिच्या डॉक्टरांना विचारूनच. पण विचारा, आणि पहिल्याच दिवशी विचारा.

बारीकसारीक वाटणाऱ्या गोष्टी

कानाच्या आत चुन्याचे बारीक खडे असतात. त्यांच्या वजनामुळे मेंदूला खालची दिशा कळते. तिथे ते काहीच सांगत नाहीत, डोळे वेगळंच सांगतात, आणि पहिले दोन-तीन दिवस निम्म्याहून जास्त अंतराळवीरांना मळमळतं. नंतर मेंदू कानाचं ऐकणं कमी करतो आणि बरं वाटतं. परतल्यावर पुन्हा उलट शिकावं लागतं.

गरम हवा वर जात नाही, कारण वर-खाली उरलेलंच नाही. झोपलेल्या माणसानं सोडलेला श्वास तोंडासमोरच साचू शकतो, म्हणून झोपण्याच्या कप्प्यात पंखा सतत चालू लागतो. पाणीही असंच चिकटून बसतं. जुलै २०१३ मध्ये इटलीचे अंतराळवीर लुका पार्मिटानो स्थानकाबाहेर काम करत असताना त्यांच्या शिरस्त्राणात गळतीचं पाणी जमू लागलं, दीड लिटरच्या आसपास. ते गळ्याकडे ओघळलं नाही. डोळ्यांवर, नाकावर, कानांवर पसरलं. दिसेनासं आणि ऐकू येईनासं झालेलं असताना ते दोरीच्या अंदाजानं दारापर्यंत परतले.

किरणांचं काय?

इथे व्यायामाचा उपयोग नाही. सूर्याकडून आणि दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून आलेले वेगवान कण अंतराळात सगळीकडे फिरत असतात. पृथ्वीवर आपल्याला हवेचा जाड थर आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वाचवतं. स्थानक त्या चुंबकीय क्षेत्राच्या आत आहे, म्हणून तिथे निम्मं-अर्धं संरक्षण मिळतं. चंद्राकडे, मंगळाकडे जाताना ते मागे राहतं.

किरणांची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. छातीच्या एका एक्स-रेला सुमारे ०.१. पृथ्वीवर माती, हवा, आकाश यांतून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिळतात. स्थानकावर सहा महिन्यांत ८० ते १६०. मंगळाकडे जाताना क्युरिऑसिटी यानातल्या उपकरणानं मोजलं, त्यावरून नुसत्या जाण्यायेण्याच्या प्रवासाचा अंदाज सुमारे ६६० निघतो. मंगळावरचा मुक्काम वेगळा. नासानं एका अंतराळवीरासाठी ठरवलेली आयुष्यभराची मर्यादा आहे ६००.

जाड शिशाचा पत्रा लावला तर? वेगवान कण जड धातूवर आदळून त्यातून आणखी कणांचा मारा होऊ शकतो. हायड्रोजन भरपूर असलेले पदार्थ, म्हणजे पाणी किंवा पॉलिथिन, जास्त चांगले. पण पुरेसा थर लावायचा तर तेवढं वजन वर न्यावं लागेल. ऑगस्ट १९७२ मध्ये सूर्यावर फार मोठं वादळ झालं. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं आणि अपोलो १७ डिसेंबरमध्ये जायचं होतं. मधल्या काळात चंद्रावर कुणी नव्हतं, हे नशीब.

मग गगनयानात जाणाऱ्यांचं काय होईल?

गगनयानाची आखणी सुमारे ४०० किलोमीटरवर तीन दिवसांची आहे. हाडं झिजायला तीन दिवस फार थोडे, किरणांची मात्राही फार नाही. काळजी वेगळी आहे: मळमळ नेमकी त्याच तीन दिवसांत सर्वाधिक असते, द्रव वर सरकण्याचा काळही तोच. शरीर जुळवून घेण्याच्या ऐन मध्यावर परतीचा झटका आणि समुद्रात उतरणं येतं. लाटांवर हेलकावणाऱ्या कुपीत मळमळत, अंधारी येत असताना डोकं शांत ठेवायचं आहे. बंगळुरूच्या हवाई दलाच्या वैमानिक वैद्यक संस्थेत आपल्या अंतराळवीरांची तयारी झाली ती याच सगळ्यासाठी.

हाडं, डोळे, किरणं हे प्रश्न आपल्यासमोर येतील ते स्वतःचं अंतराळ स्थानक उभारल्यावर. त्यासाठी सरकारनं २०३५ हे साल जाहीर केलं आहे. शुक्लांनी स्थानकावर स्नायूंच्या पेशींवर प्रयोग केले, मूग-मेथीला मोड आणले, ती या लांबच्या मुक्कामाची तयारी होती.

मंगळापर्यंत शरीर टिकेल?

जायला सहा ते नऊ महिने, ग्रहांची जागा पुन्हा जुळेपर्यंत तिथे मुक्काम, मग परत. सगळं मिळून तीन वर्षांच्या आसपास. मानेतल्या गुठळीच्या प्रकरणात जमिनीवरचा डॉक्टर बोलत होता आणि मालवाहू यान औषध आणत होतं. मंगळावरून विचारलेला प्रश्न पृथ्वीपर्यंत यायला ३ ते २२ मिनिटं, उत्तर जायला तितकीच. औषध पोहोचवणारं यान नाही. १९६१ मध्ये अंटार्क्टिकावरच्या सोव्हिएत तळावर लिओनिद रोगोझोव्ह हा एकटाच डॉक्टर होता. त्याचंच ॲपेंडिक्स सुजलं, आणि त्यानं आरशात बघत, सहकाऱ्यांकडून अवजारं घेत स्वतःवर शस्त्रक्रिया केली. मंगळावर जाणाऱ्या चमूला हे गृहीत धरूनच निघावं लागेल. मॉस्कोत २०१०-११ मध्ये सहा जणांना ५२० दिवस बंद कृत्रिम यानात ठेवलं होतं. त्यातल्या काहींची झोप आणि मनःस्थिती चांगलीच बिघडली. ते तर जमिनीवर होते, आणि दार उघडता येतं हे त्यांना माहीत होतं.

यान गरगर फिरवून वजन निर्माण करता येईल का? तत्त्वतः येईल. पण मिनिटाला दोन फेऱ्या घालून पृथ्वीएवढं वजन हवं असेल तर फिरणाऱ्या चाकाची त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. सध्याचं स्थानक लांबीला १०९ मीटर आहे. लहान चाक जोरात फिरवलं तर डोकं वळवताच मळमळ सुरू. कोलोनच्या त्या ६० दिवसांच्या प्रयोगात काही जणांना रोज अर्धा तास छोट्या यंत्रात फिरवून पाहिलं गेलं, ते याच शोधाचा भाग म्हणून.

मग माणूस कशाला, यंत्रं पाठवा, असं पुष्कळ जण म्हणतात. क्युरिऑसिटी २०१२ पासून आणि पर्सिव्हिअरन्स २०२१ पासून मंगळावर काम करत आहेत, आणि उत्तम करत आहेत. किरणांचा आणि भाराचा प्रश्न सुटेपर्यंत माणसानं मंगळाची घाई करू नये, असं माझंही मत आहे. तोवर चंद्रावर शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

कारण एक मोठी गोष्ट अजून कुणी अनुभवलेलीच नाही. मंगळावर वजन पृथ्वीच्या ३८ टक्के असतं, चंद्रावर सहावा हिस्सा. आपल्याकडची सगळी माहिती दोन टोकांची आहे, पूर्ण वजनाची आणि बिनवजनाची. मधल्या वजनात सर्वाधिक राहिलेली माणसं अपोलो १७ ची, चंद्रावर ७५ तास. अर्ध्याहून कमी वजन हाडांना पुरेल की नाही, हे तेवढ्यात कळत नाही. स्थानकावरच्या जपानी प्रयोगशाळेत उंदरांना चंद्राएवढ्या वजनात ठेवून पाहिलं. त्यांच्या पोटरीचा स्नायू वाळला नाही, पण त्या स्नायूचे तंतू मात्र बदलले: उभं राहायला लागणारे, न थकणारे तंतू कमी झाले.